दोन दिवसांचं दुखणं

मोठ्या दुखण्याला समाजात मान असतो. टायफॉइड झाला, कावीळ झाली, पाय मोडून प्लास्टरमध्ये गेला, की माणसाची पत एकदम वाढते. नातेवाईक शहाळी घेऊन येतात, शेजारून मुगाची खिचडी येते, साहेब स्वतःहून फोन करून सांगतात, "घाई करू नका, पूर्ण बरे होऊनच या." लहान दुखण्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. कणकण, मोडशी, पित्त उसळणं, उसण भरणं, रात्रभर पोटात कळा येऊन सकाळी निपचित पडणं, यांच्यासाठी अजून कोणी शहाळं सोललेलं नाही. त्यांना फक्त एक वाक्य ऐकावं लागतं, "काल तर चांगला होतास की!" जणू काल चांगलं असणं हा आजच्या तापाविरुद्धचा पुरावा.

नोकरीची बहुतेक वर्षं मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली, त्यामुळे हा पंक्तिप्रपंच मला जवळून माहीत आहे. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून असलेली, पंख्याचा आवाज जास्त आणि वारा कमी अशी खोली. पंचिंगची कार्डं, मस्टर, रजेचे अर्ज, ईएसआय विम्याची सर्टिफिकेटं, सगळं तिथं येऊन पडतं. डॉक्टर माणसाची नाडी बघतो, आम्ही त्याच्या दुखण्याचा वार बघायचो. सोमवारचा ताप आमच्या लेखी गुरुवारच्या तापाहून हलक्या प्रतीचा. पगाराच्या दुसऱ्या दिवशीची पोटदुखी तर आम्ही पोटदुखी मानतच नसू. गणपतीच्या आदल्या दिवशी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मंडळींत एक साथ पसरायची आणि गौरी-गणपती पोचवून झाले की औषधाशिवाय ओसरायची. या सगळ्यात एखाद्याला खरोखरच सोमवारी ताप यायचा. तो बिचारा लाल नाक घेऊन खिडकीशी उभा राहायचा आणि त-त-प-प करायचा. खोटं बोलणाऱ्याचं कधी अडत नसे, त्याची तयारी झालेली असे. खऱ्या आजाऱ्याची तयारी कुठून असणार? तो रात्रभर कण्हत होता.

लहान दुखण्यांत मानाचं पान एकालाच, डोळे येण्याला. "डोळे आलेत" एवढं म्हणायचा अवकाश, भले भले सुपरवायझर दोन पावलं मागे सरकून म्हणत, "मग आलास कशाला बाबा? जा, आधी घरी जा." अर्ज नको, सर्टिफिकेट नको, बोलणारा काळा चष्मा लावून खरं बोलतोय की खोटं याची चौकशीही नको. त्याच माणसाने पाठीत उसण भरली म्हटलं असतं, तर त्याला वाकवून, वळवून, पेटी उचलायला लावून खात्री करून घेतली असती. माझं तेव्हाच मत झालं आणि ते अजून बदललेलं नाही. दुखणं खरं की खोटं हे ज्याचं दुखतं त्याच्यावर ठरत नाही, बघणाऱ्याला किती भीती वाटते त्यावर ठरतं.

एकाने एकदा अर्जात लिहिलं होतं, "मला दि. १४ ते १६ ताप येणार असल्यामुळे तीन दिवसांची रजा मिळावी." आम्ही हसून लोळलो. पण त्याची काही चूक नव्हती. भिंतीवर नियम टांगला होता की रजेचा अर्ज आगाऊ द्यावा. नियम पाळायचा तर ताप आधी कळवलाच पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्यातही रजेचा अर्ज किमान १५ दिवस आधी द्यायचा, असं सांगितलेलं होतं. मात्र लगेच पुढच्या पोटकलमात कायद्याने समजूतदारपणा दाखवून म्हटलं होतं की आजारपणासाठी रजा घ्यायची असेल, तर अर्ज उशिरा आला तरी चालेल. सरकारी भाषेत याहून प्रेमळ वाक्य मी वाचलेलं नाही.

फक्त त्यात एक गोम होती. ही जी रजा आजारपणासाठी घ्यायची, ती कोणती? तर वर्षात २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांच्या कामामागे एक, अशी साठवलेली नेहमीचीच भरपगारी रजा. आजारपणाची वेगळी रजा त्या कायद्यात नव्हतीच. म्हणजे जुलैतल्या पावसात भिजून तीन दिवस अंथरूण धरलं, की शिमग्याला गावी जायचे तीन दिवस गेले. ताप येतो तो असा पुढच्या होळीवर डोळा ठेवून.

यावर तोड म्हणून विमा आला. त्याची कथा चांगली आहे. १९४३ साली, लढाई चालू असताना, केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे दिलं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. आडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली. कामगार तिला कधीच लांब नावाने हाक मारत नाहीत. ईएसआय, बस. आजच्या दराने कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात, आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला माणूस तिच्यात बसतो. आजारी पडला, तर सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत. गिरणीतल्या, कारखान्यातल्या माणसाला "तू घरी पडून राहा, चूल आम्ही बघतो" असं या देशात पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल, तर ते या कायद्याने. त्याची थट्टा करताना मी एवढं आधी सांगून टाकतो.

थट्टा पुढे आहे. ४९ व्या कलमात लिहून ठेवलं की आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळणार नाहीत.

दोनच दिवस. कागदावर किती लहान दिसतात! पण माणसाला होणारी बहुतेक दुखणी याच दोन दिवसांत येऊन जातात. चार दिवस ताप आला, तर दोन दिवस कोरडे, उरलेल्या दोन दिवसांचे ७० टक्के. म्हणजे चार दिवसांच्या तापाला १.४ दिवसाचा रोज. तीन दिवसांच्या तापाला ०.७. आणि दोन दिवसांच्या तापाला शून्य, वर डॉक्टरकडे जाण्यायेण्याचा रिक्षाखर्च. एवढ्या हिशेबानंतर कोणत्याही शहाण्या माणसासमोर दोनच रस्ते उरतात. एक, क्रोसिन खाऊन मशीनवर उभं राहणं. दोन, तिसऱ्या दिवशीही आजारी असणं. माझ्या टेबलावर आलेल्या ईएसआयच्या सर्टिफिकेटांत दोन दिवसांची दुखणी जवळजवळ नसायचीच. आमच्या कारखान्यातली माणसं एकतर ठणठणीत असत किंवा पाच दिवस आजारी. मधलं काही नाही. एखाद्या बाहेरच्या डॉक्टरने तो कागद बघितला असता, तर या भागातल्या जंतूंना दोन दिवसांत मरायची सवय नाही, असाच निष्कर्ष काढला असता.

त्या कलमात एक सवलत होती, तिचं मला फार कौतुक वाटे. पहिल्या दुखण्याचे पैसे मिळाले असतील आणि त्यानंतर १५ दिवसांच्या आत माणूस पुन्हा आजारी पडला, तर हे दोन कोरडे दिवस पुन्हा धरायचे नाहीत. म्हणजे उलटलेल्या तापाला लगेच मान. आजीबाई जे सांगत, "उलटलेलं दुखणं वाईट, त्याला जपावं," ते कायद्याला पटलं होतं. पहिल्यांदा आलेल्यावर मात्र त्याचा विश्वास नव्हता.

विश्वास नव्हता हे ६४ व्या कलमावरूनही कळतं. पैसे घेणाऱ्या आजाऱ्याने उपचाराखाली राहावं, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करू नये, डॉक्टरच्या परवानगीशिवाय त्या भागाबाहेर जाऊ नये, आणि तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला तपासू द्यावं. बरं होण्यात अडथळा येईल असं काही करू नये! हे वाक्य मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने ते चौकटीत घालून जेवणघरात लावायची तयारी दाखवली होती. तापात बटाटेवडा मागणाऱ्या नवऱ्याविरुद्ध तिला प्रथमच कायद्याचा आधार मिळाला होता.

आता दोन दिवस का ठेवले याची कारणं आहेत, आणि ती अगदीच टाकाऊ नाहीत. लहान-लहान मागण्यांचे कागद हाताळायला येणारा खर्च कधीकधी मागणीहून मोठा असतो. दोन दिवसांच्या तापासाठी जेवढे फॉर्म भरावे लागतात, त्यात माणूस तिसऱ्या दिवशी खरंच आजारी पडतो. जगभरच्या विम्यांत असे कोरडे दिवस आहेत, कुठे एक, कुठे तीन. पण खर्चाचं कारण पुढे करणाऱ्यांच्या पोटात दुसरं कारण असतंच. पहिल्या दिवसाचे पैसे दिले, तर उद्या सगळा गाव आजारी पडेल, ही धास्ती. टाइम ऑफिसात बसून ती मलाही होती. गंमत एवढीच की ही धास्ती माणसाच्या पगाराप्रमाणे कमी-जास्त होते.

सरकारी कचेरीतल्या माणसाबद्दल ती तितकीशी नसते. आमच्या सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ आहेत, आस्थापना शाखेत आयुष्य गेलं. १९८१ चे रजा नियम त्यांना पाठ आहेत. वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा खात्यावर जमा, ती डॉक्टरच्या दाखल्यावर परिवर्तित करता येते, मग एक पूर्णपगारी दिवस घेतला की खात्यातून दोन अर्धे दिवस वजा. हे ते अशा चवीने सांगतात की ऐकताना आपल्यालाही थोडं आजारी पडावंसं वाटतं. त्यांच्या लेखी ताप ही शरीराची अवस्था नसून खात्यावरची नोंद आहे. दुकानातल्या पोऱ्याची गोष्ट निराळी. २०१७ च्या महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने वर्षाला आठ दिवस किरकोळ भरपगारी रजा दिली. ती दर तिमाहीला थोडी-थोडी जमा होते, आणि वर्षअखेर उरली तर बुडते. लग्न, मयत, शाळेतली पालकसभा आणि मोडशी, सगळ्यांनी त्या आठात भागवायचं. लहान दुकानांना तर या कायद्यातलं बरंचसं लागूच नाही. तिथं खाडा म्हणजे खाडा.

आणि या सगळ्यांच्याही आधी गिरणगाव होतं, तिथं दुसऱ्याच्या तापावर जगणारी माणसं होती. बदली कामगार. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. पाळी सुरू होताना हे लोक हजेरी देऊन उभे राहत, कोण आलं नाही ते कळेपर्यंत. कोणाला हिवताप यावा असं त्यांनी मनात आणलं असेल असं मी म्हणणार नाही. पण कोणालाच काही झालं नाही, की यांना घरी परतावं लागे, आणि त्या दिवशी त्यांचं दुखणं कोणत्याही कायद्यात बसत नव्हतं, कारण ते धडधाकट होते.

माझी भाची जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरी करते. तिला ताप आला तेव्हा तिने ऑफिसला सकाळी कळवलं आणि झोपून राहिली. तीन दिवस. सर्टिफिकेट नाही, काही नाही. तिकडे आजारपण तीन दिवसांपुढे गेलं तरच डॉक्टरचा कागद लागतो (मालक आधी मागू शकतो, पण तिच्याकडे मागत नाहीत), आणि पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण, सहा आठवड्यांपर्यंत. माझ्या बहिणीला हे काही केल्या पटेना. "पण त्यांना कळतं कसं, की खरंच आजारी आहेस?" भाची म्हणाली, "मी सांगितलं ना." बहिणीने फोन ठेवून मला विचारलं, "हिची नोकरी नक्की टिकेल ना रे?"

तिथंही हे आपोआप झालेलं नाही. कारकुनांना आजारपणात पूर्ण पगार आणि कामगारांना कोरडे दिवस, हा भेद जर्मनीतही होता. २४ ऑक्टोबर १९५६ ला श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या धातुकामगारांनी, त्यात कीलच्या गोदीतली माणसं मोठ्या संख्येने होती, हा भेद मिटवण्यासाठी संप केला. तो ११४ दिवस चालला. आजारपणातला पगार मिळावा म्हणून धडधाकट माणसं जवळजवळ चार महिने पगाराशिवाय बसली. आमच्या टाइम ऑफिसच्या हिशेबात हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. पण १९५७ मध्ये त्यांच्यासाठी कायदा सुधारला, आणि १९७० पासून कामगार आणि कारकून आजारपणापुरते एका पंगतीला बसले.

इंग्रजांची तऱ्हा वेगळी. त्यांच्याकडच्या कंपन्यांत लहान दुखणी मोजायचं एक सूत्र चालतं, ब्रॅडफर्डच्या नावाने ओळखलं जातं. माणूस वर्षात किती वेळा आजारी पडला तो आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, आणि एकूण दिवसांनी गुणायचं. एकदाच सलग दहा दिवस आजारी पडलात, तर एक गुणिले एक गुणिले दहा, म्हणजे दहा गुण. दहा वेळा एकेक दिवस पडलात, तर दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजार! गुण जितके जास्त, तितकी साहेबाशी भेट जवळ. दिवस तेवढेच, दुखणं बहुधा हलकंच, पण गुन्हा शंभर पट. अर्धशिशीवाल्या माणसाने हे सूत्र बघितलं, तर त्याची अर्धशिशी तिथंच उठेल. मला मात्र ते वाचून थोडा हेवा वाटला. आम्ही जे नुसतं तोंड वाकडं करून व्यक्त करत होतो, ते त्यांनी बीजगणितात बसवलं होतं.

मग २०२० साली कोरोना आला. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या सरकारी भत्त्याला पहिले तीन दिवस कोरडे असत, स्वीडनमध्ये आठवड्याच्या आजारभत्त्याच्या २० टक्के कापून मग बाकीचं मिळे. मार्च उजाडला आणि दोन्ही देशांनी ती कपात कोरोनाच्या काळापुरती बाजूला ठेवली. पैसे कापले, तर लोक खोकत कामावर येतील, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे हे ठाऊक होतं तर! मग त्याआधी सर्दी-तापाला तोच न्याय का नव्हता? उत्तर डोळे आलेल्या माणसाने केव्हाच दिलेलं आहे. बघणारा घाबरला.

आता निवृत्त झालो, मस्टर सुटलं, पण रजेचा प्रश्न स्वयंपाकघरातून परत आला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आमच्या इमारतीत पाच घरं करतात. मागच्या पावसाळ्यात त्यांना दोन दिवस ताप आला. ताप एक, मालक पाच, आणि कायदेही पाच. एका घराने पगार कापला नाही. एकाने कापला, पण क्रोसिनची गोळी पाठवली. तिसऱ्या घराचं म्हणणं, "नुसती भांडी तेवढी घासून जा, फरशी राहू दे." चौथ्या घरात लहान मूल, त्यांनी सांगितलं पूर्ण बऱ्या झाल्याशिवाय पाऊलही टाकू नका, आणि मग चार दिवसांचे पैसे कापले, कारण बरं वाटायला चार दिवस लागले असं त्यांनीच ठरवलं होतं. पाचव्या घरी मावशींनी आपल्या जावेला पाठवलं आणि तिला पैसे स्वतःच्या पदरचे दिले. बदली कामगाराची ही सुधारून वाढवलेली आवृत्ती. घरकामगारांसाठी २००८ मध्ये महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणी झाली की काही मदत मिळते. पण आज ताप आला म्हणून आजचा पगार कापू नये, असं काही त्यात नाही.

आम्ही नवरा-बायकोने ठरवलं की आपल्यापुरती आजारपणाची रजा द्यायची, महिन्याला एक दिवस, भरपगारी. ही घोषणा मी बरीच गंभीरपणे केली. मावशींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नाही पडले आजारी, तर त्याचे वेगळे देणार का, काका?" आमच्या युनियनच्या सेक्रेटरीला या प्रश्नापर्यंत यायला तीन बैठका लागायच्या. मी वर्षअखेर बघू म्हणालो. व्यवस्थापनाचं नेहमीचं उत्तर, जिभेवर तयार होतं.

पण त्यांचा पुढचा मुद्दा मला खोडता आला नाही. "तुम्ही एकट्यांनी देऊन काय होतंय, काका? ताप येतो तो पाची घरांना एकदम येतो. चार घरं कापणार असली, तर मला उठावंच लागणार. आणि उठलेच तर तुमच्याकडेपण येणारच की."

म्हणून हल्ली मी उरलेल्या चार घरांशी बोलणी करतो आहे. वरच्या मजल्यावरचे ते आस्थापना शाखेतले गृहस्थ त्यातलेच एक. त्यांची तत्त्वतः हरकत नाही, पण वैद्यकीय दाखल्याचं काय, असा त्यांचा सवाल आहे. दाखल्याशिवाय रजा मंजूर केली, तर उद्या कोणीही येऊन ताप आला म्हणेल. मी हे मावशींना सांगितलं. त्या तेव्हा ओट्याशी फडकं पिळत होत्या. म्हणाल्या, "वरच्या वहिनींना म्हणावं, कपाळाला हात लावून बघा."

निरोप मी वर पोचवला आहे. विषय विचाराधीन आहे.